बागेला पाणी देईपर्यंत

मे महिन्यात आमच्या पेरूच्या बागेत नवखा माणूस आला, की तो आधी आवाज खाली आणतो. घरात काहीतरी वाईट घडलेलं असावं असा त्याचा समज होतो. झाडांची पानं तांबूस-पिवळी पडलेली, निम्मी गळालेली, उरलेली कडा आत वळवून गप्प बसलेली. जमीन तडकलेली. आणि बांधाला लागून शेततळं मात्र भरलेलं. मग तो न राहवून विचारतो, "पाणी आहे ना? मग देत का नाही?" त्याला लगेच उत्तर कोणी देत नाही. राहात्याकडच्या पेरूवाल्यांना एवढी एकच चैन माहीत आहे, परगावच्या माणसाला या प्रश्नावर थोडा वेळ लटकत ठेवायची.

उत्तर तसं साधं. पावसाळ्याच्या तोंडाशी बहार हवा असेल, तर त्याआधी महिना-सव्वा महिना बागेचं पाणी तोडतात. झाड पानं टाकतं, हिरमुसतं, जवळजवळ आशा सोडतं. मग नेमक्या दिवशी पाणी द्यायचं. थोड्याच दिवसांत कोवळी फूट येते आणि पाठोपाठ पांढरी फुलं. नेमका दिवस कोणता, ते मात्र कुठल्याच कॅलेंडरवर छापलेलं नसतं. ते आण्णा सांगतात. आण्णा म्हणजे माझे वडील. एक पान खुडतात, दोन बोटांत धरून वळवतात, कानाशी नेतात, आणि म्हणतात, "अजून न्हाई." पान त्यांना काय सांगतं, ते मला पन्नाशी आली तरी ऐकू आलेलं नाही. मी शास्त्राची शिक्षिका आहे, हे इथं सांगून टाकलेलं बरं.

दर मे महिन्यात मी पुण्याहून इथं येते. शाळेला सुट्टी असते, बाग तहानलेली असते आणि मी खाटेवर पडून आंबे खात असते. यंदा मात्र घरात माझ्याइतकं निवांत कोणी नाही. माझ्या भावाची मुलगी ऋतुजा बी. एड. झाली आहे आणि पुण्यातल्या शाळांमध्ये नोकरी शोधते आहे. हल्ली जाहिराती मोबाईलवर येतात, अर्ज मोबाईलवर जातात, नकारही मोबाईलवरच येतो, तोही नीट हात जोडलेल्या चित्रासकट. काल सकाळी ती अंगणात उभी राहून बोरीच्या झाडापुढे पूर्णांक-अपूर्णांक शिकवत होती. बोर ऐकत होती. मी चहाचा कप हातात घेऊन ते पाहत बसले आणि माझ्या नाकात एकदम खडूचा वास आला. अंगणात खडू नव्हता. मे महिना होता, एवढंच.

खडूचा वास, वर्तमानपत्राच्या शाईचा वास, आणि एसटीच्या तापलेल्या रेक्झिनचा वास. माझा नोकरीचा मे महिना या तीन वासांचा होता. दर रविवारी पेपर आला की मी दाढीच्या जुन्या पात्यानं जाहिरात कापायची. 'विज्ञान शिक्षिका हवी, पाठासह मुलाखत.' 'पाठासह' हा शब्द वाचला की मी पातं खाली ठेवायची. पाठासह म्हणजे जाऊन नुसतं बोलायचं नाही, शिकवून दाखवायचं. मे महिन्यात शाळेत पोरं नसतात. म्हणून शाळेतली मोठी माणसंच बाकांवर विद्यार्थी होऊन बसतात. गुडघे बाकात अडकलेले, चष्मे नाकावर, आणि चेहऱ्यावर भाव असा की आम्हाला काहीही येत नाही, आता शिकव.

माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक, वनस्पतीच्या भागांचा तक्ता. तो मी स्वतः रंगवला होता आणि त्यातलं रोप उलट्या धरलेल्या केरसुणीसारखं दिसे. दुसरी, पाठाचं टाचण. बी. एड.ला आमच्याकडून घोकून घेतलेलं असे, की शिकवण्याआधी मुलांना दोन-तीन प्रश्न विचारायचे, त्यांच्या तोंडून हवं ते उत्तर काढायचं, आणि मग जणू आत्ताच सुचलं अशा सुरात म्हणायचं, "तर मुलांनो, आज आपण अमुक शिकणार आहोत." सगळी इमारत त्या हव्या असलेल्या उत्तरावर उभी. पोरानं भलतंच उत्तर दिलं तर काय करायचं, ते कुठल्याच टाचणात नव्हतं.

पहिल्या शाळेत तक्ता खिळ्याला टांगला की गुंडाळी होऊन वर जायचा. मी तो एका हातानं धरून दुसऱ्या हातानं शिकवलं, आणि फळ्यावर लिहायची वेळ आली तेव्हा तिसरा हात नव्हता. दुसऱ्या शाळेत मी इतकी भराभर बोलले, की वीस मिनिटांचा पाठ सात मिनिटांत संपला. उरलेली तेरा मिनिटं आम्ही सगळे पंख्याचा आवाज ऐकत बसलो. दोन्हीकडून एकच शब्द मिळाला, "कळवू." अजून कळवायचे आहेत.

घरी माझे थोरले चुलते होते, तात्या. घरात शब्द त्यांचा. तात्या वाईट नव्हते, त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीला शेवट लागायचा. दुसरा 'कळवू' घेऊन मी परत आले तेव्हा ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"झालं का पुन्याला जाऊन?"

"कळवणार आहेत."

"त्यांचं काय जातंय कळवायला." कातरणं चालूच. मग माझ्याकडे बोट करून आण्णांना, "शिकीवली, चांगलं केलं. पन आता असं करू. बागंला पानी देईपत्तूर नंदीनं नोकरी बघावी. पानी दिलं का मंग मी बेलापूरच्या पावन्यांना निरोप धाडतो. पोरगं सोसायटीत हाय, घर बरं हाय. मंजूर?"

आण्णा पायातला काटा काढत होते. ते काटा काढतच म्हणाले, "मंजूर."

मला त्यांचा राग आला. बेलापूरच्या पाहुण्यांचं काही चुकलं नव्हतं, मी त्यांना पाहिलंही नव्हतं. पण मला शिकवायचं होतं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. वर्गात पोरं गप्प होतात आणि मग त्यातल्या एकाच्या डोळ्यांत काहीतरी पेटतं, चुलीत काटकी पेटते तसं. ते मी सरावाच्या पाठांत दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्यांदा बघायला मिळावं, एवढीच माझी मागणी होती. आणि तेवढ्यासाठी हाती मुदत होती पेरूच्या पानांएवढी.

तेव्हा शेततळं नव्हतं. विहीर उन्हाळ्यात तळ दाखवायची. पाणी यायचं ते पाटाचं, पाळीनं. पाटाला पाणी सुटलं की कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी, ते ठरलेलं असे. आपल्या दिवशी आपण बांधावर हजर नसलो तर पाणी पुढच्याकडे जायचं, आणि मग बसा पुढच्या पाळीची वाट बघत. मी रोज बागेत जाऊन पानं बघायची. पानं अजून हिरवी दिसली की हायसं वाटायचं. बाग वेळेवर वाळावी असं घरादाराला वाटत असताना, ती वाळूच नये, निदान लवकर वाळू नये, अशी प्रार्थना करणारी घरात मी एकटी. दुपारी त्या झाडांखाली पडून राहिलं की वरून एखादं पान गिरक्या घेत छातीवर यायचं. एक दिवस कमी. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. त्यात मी कधी झाड असते, कधी तक्त्यावरची केरसुणी.

तिसऱ्या शाळेचं बोलावणं आलं तेव्हा निम्मी पानं खाली होती. आण्णा म्हणाले, "या बारीला मी येतो."

"तुम्ही कशाला? आणि पाळी?"

"पाळी बेस्तरवारी हाय. मंगळवारी जाऊ, रातच्याला माघारी."

पहाटेची एसटी. मला खिडकी दिली. मांडीवर तक्ता, तक्त्यावर दशम्यांचा डबा. नगरच्या स्टँडवर त्यांनी मला चहा पाजला आणि स्वतः नळाचं पाणी प्यायले. त्यांचं धोतर, टोपी, टाचेला फाटलेल्या वहाणा, त्यांवर बागेतली माती. घरी हे सगळं मला कधी दिसलंच नव्हतं. पुणं जवळ येत गेलं तसं ते एकेक दिसू लागलं. शाळेच्या फाटकाशी मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही इथं सावलीत बसा. आत फक्त उमेदवाराला सोडतात."

"बसतो की," आण्णा म्हणाले.

खरी गंमत अशी, की आमच्याकडे शाळा ही कोणाला बाहेर बसवायची जागाच नाही. गावच्या शाळेत काही कार्यक्रम असला, की रस्त्यानं जाणारा माणूस वहाणा दाराशी काढून मागं येऊन बसतो. दहा मिनिटं ऐकतो, मान हलवतो, कामाला निघून जातो. त्यात आगाऊपणा नाही, उलट न बसता जाणं हा शाळेचा अपमान. आण्णा फाटकाशी दहा मिनिटं बसले असतील. मग त्यांनी शिपाईमामांना विचारलं, "पाठ चालू हाय का? बसू का जरा मागं?" शिपाईमामाही कुठल्यातरी गावचेच. म्हणाले, "बसा की."

मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते. वळले, तर शेवटच्या बाकावर आण्णा. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. पायात काही नाही. पुढच्या बाकांवर तिघं जण होते. शाळेच्या मोठ्या बाई, गणिताचे एक सर, आणि संस्थेचे एक वृद्ध गृहस्थ. ते गृहस्थ बसल्याबसल्याच डुलकीला लागले होते. आण्णांना बाहेर जा म्हणायला वेळ नव्हता. पण टाचण पाठ होतं. मी पहिला प्रश्न टाकला.

"रोपाला पाणी घातलं नाही तर काय होईल, मुलांनो?"

हवं असलेलं उत्तर, 'वाळेल.' त्याशिवाय इमारत उभी राहत नव्हती. गणिताचे सर मुद्दाम गप्प. मोठ्या बाई माझ्याकडे बघत. पंखा फिरत होता. आणि मागून, अगदी सहज, हजेरी द्यावी तसा आवाज आला,

"फुलंल."

गणिताच्या सरांनी मान एवढ्या वेगानं मागं वळवली की बाक करकरलं. वृद्ध गृहस्थ जागे झाले.

मोठ्या बाई म्हणाल्या, "काय म्हणालात?"

आण्णा उभे राहिले. विद्यार्थी उभा राहतो तसे, हात मांडीला चिकटवून. "फुलंल म्हनलो. पेरूचं सांगतो. आमी उन्हाळ्यात पानी तोडतो. पानं गळत्यात. झाडाला वाटतंय, आता काय आपलं खरं न्हाई, जाता जाता काय तरी करून जावं. मंग पानी दिलं का लगडतंय."

"आणि पाणी द्यायला उशीर झाला तर?" सरांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग वाळतंय. म्हंजी बाईंचं बी बराबर हाय."

आयुष्यात मला पहिल्यांदा 'बाई' म्हटलं ते त्यांनी.

मोठ्या बाईंनी मला विचारलं, "हे कोण?"

इथं मी थांबते. दर वेळी इथंच थांबते. घरातल्या पोराबाळांना मी ही गोष्ट रंगवून सांगते. तक्त्याची गुंडाळी हातवारे करून दाखवते, आण्णांचं 'फुलंल' त्यांच्याच आवाजात काढते, सगळे पोट धरून हसतात. पण या ठिकाणी आले की मला पाणी प्यायला लागतं. एकाच शब्दाचं उत्तर होतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण मला बाकाखाली ते मातीचे पाय दिसले, आणि फाटकाशी 'आत फक्त उमेदवाराला सोडतात' म्हटलेलं आठवलं. आता बापाला घेऊन आलेली पोरगी कोण नोकरीला ठेवील, असंही वाटलं. हे सगळं एका श्वासात.

मी म्हटलं, "आमच्या गावचे आहेत."

आण्णांनी मान डोलावली. "व्हय," ते म्हणाले, "गावचाच." आणि खाली बसले.

त्यानंतर मी टाचण मिटलं. दुसरा इलाजच नव्हता, इमारत पडली होती. फळ्यावर मधोमध रेघ मारली. एकीकडे लिहिलं 'वाळतं', दुसरीकडे 'फुलतं', आणि समोरच्या तीन म्हाताऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, मधली रेघ कुठं असेल, झाडाला ती कशी कळत असेल? गणिताचे सर भांडायला लागले. वृद्ध गृहस्थांना त्यांच्या लहानपणीची बाग आठवली. पाठ किती मिनिटं चालला मला माहीत नाही. एका क्षणी मोठ्या बाईंच्या डोळ्यांत ते पेटलं, चुलीत काटकी पेटते तसं. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "कळवू."

परतीच्या गाडीत आण्णांनी पुन्हा मला खिडकी दिली. शिरूरपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते. नगर आलं, वाक्य जुळलं, आण्णा झोपलेले. त्यांचा हात दशम्यांच्या रिकाम्या डब्यावर होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. जागे झाले तेव्हा म्हणाले, "त्या गनिताच्या मास्तरला कळलं बरं का." एवढंच. वाक्य माझ्याजवळच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मळ्यातले काका बांधावरून ओरडत आले. "आण्णा, कुठं गेल्ता? काल तुमची पाळी हुती. मी हाका मारल्या, कोन न्हाई. मंग घेतलं पानी आमच्याकडं."

पाळी बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, नव्हतीच. मंगळवार होता. पाळी मंगळवारचीच होती, आणि ते आण्णांना माहीत नव्हतं असं कोणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही. आयुष्यभर एकही पाळी न चुकवलेला माणूस.

तात्या सुपारी टाकून उठले. "येड लागलं का तुला? बाग जळंल आता. पुढची पाळी कवा, ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

"आन् बेलापूरला काय सांगू? आज-उद्या पानी द्यायचं ठरल्यालं."

आण्णांनी एक पान खुडलं, वळवलं, कानाशी नेलं. मग तात्यांकडे बघून म्हणाले, "दादा, बागंला पानी कुठं दिलंय अजून?"

तात्या टाकलेली सुपारी उचलून पुन्हा कातरायला बसले. शब्द त्यांचाच होता.

पुढचे दिवस बाग बघवत नव्हती. वरच्या फांद्यांची टोकं काळी पडायला लागली. आण्णा सकाळ-संध्याकाळ झाडांतून हिंडायचे, खोडावरून हात फिरवायचे. आता मी उलट प्रार्थना करत होते, पाणी लवकर यावं म्हणून, माझं काय व्हायचं ते होवो. पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी पत्र आलं. 'पंधरा जूनपासून रुजू व्हावे.' मी ते घेऊन धावत बागेत गेले. आण्णांनी वाचलं, घडी केली, टोपीत ठेवलं आणि म्हणाले, "चला, पान्याला दारं धरायची तयारी करू." दुसऱ्या दिवशी पाणी सरीतून पुढं पुढं जात होतं, कोरडी जमीन चुरचुरत होती, आणि मी चिखलात अनवाणी उभी होते. माझे पाय अगदी त्यांच्या पायांसारखे दिसत होते.

शाळेच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या बाईंनी विचारलं, "वडील बरे आहेत ना?"

मी गोंधळले. "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, मी मागं वळून पाहिलं ना. तुमच्या प्रत्येक वाक्याला मागच्या बाकावर मान हलत होती. गावचा माणूस कशाला एवढी मान हलवेल?"

त्या वर्षी बहार विरळ आला. झाडावर फळं मोजकी, पण जी होती ती मुठीत न मावणारी. दिवाळीनंतर एका दुपारी मी सहावीच्या वर्गात होते. शिपाईमामा दाराशी आले. "बाई, खाली कोणीतरी पेरू घेऊन आलेत. कोण म्हणून विचारलं, तर म्हणाले, बाईंच्या गावचा हाय."

मी जिन्यावरून कशी उतरले मला आठवत नाही. आण्णा फाटकाच्या बाहेर सावलीत बसले होते, अगदी मी बसवलं होतं तिथंच. शेजारी पेटी. मी त्यांचा हात धरला आणि तसाच ओढत शिक्षकांच्या खोलीत नेलं, मातीच्या पायांसकट, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "हे माझे वडील."

आण्णा गंभीरपणे म्हणाले, "व्हय का?" आणि पेरू वाटायला लागले.

माफी त्यांनी कधी मागू दिली नाही. विषय निघाला की बागेत जायचे. पण तेव्हापासून त्यांनी एक खोड धरली. कुठं लग्नात, बाजारात, दवाखान्यात कोणी विचारलं, "ही कोण?", की चेहऱ्यावर रेघ न हलवता म्हणायचे, "ह्या आमच्या गावच्या बाई हायेत." माझ्या सासरच्या मंडळींना हे कळायला दोन वर्षं लागली.

आज ऋतुजाचा पाठ होता. मोबाईलवरच. घरात रेंज नाही, ती फक्त बागेत चौथ्या ओळीच्या शेवटच्या झाडाखाली मिळते. तिथं तिनं स्टूलवर पाट्या रचून मोबाईल उभा केला. मागं वाळलेली बाग. तिनं बजावून ठेवलं होतं, कोणी इकडं फिरकायचं नाही. मी आपली दोन झाडं सोडून आडोशाला. पाच मिनिटं झाली असतील, तोच आण्णा काठी टेकत आले. वहाणा झाडाशी काढल्या, टोपी मांडीवर घेतली, आणि तिच्या मागं, पानांच्या ढिगावर, शेवटच्या बाकावर बसावं तसे बसले. तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलायला लागली.

पलीकडून एक बाई म्हणाल्या, "एक मिनिट. मागे ते कोण बसलेत?"

मी खोडामागं आणखी सरकले. वरून एक पान सुटलं.

ऋतुजानं वळूनही पाहिलं नाही. "माझे आजोबा," ती म्हणाली. "त्यांना अपूर्णांक आवडतात."

पलीकडे हसू फुटलं. आण्णांनी काठी उचलली. कुठं ते माझ्या लक्षात येईपर्यंत ती नेमकी माझ्या आडोशाकडे वळली होती.

"आन् त्या झाडामागं हायेत ना," ते मोबाईलकडे बघून म्हणाले, "त्या आमच्या गावच्या बाई."